राबावरची मोहरी

मला खुर्ची मिळायची आणि तिला चुलीपुढचा पाट. माझं सगळं दुखणं तिथून सुरू झालं.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. मी पनवेलची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, विद्यापीठाच्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सहायक. रोडपालीच्या पुढे खाडीच्या अंगाला काही भातशेतं होती. कारखान्यांकडून येणारा नाला दर पावसाळ्यात तिथे फुटायचा आणि रंगीत पाणी शेतात शिरायचं. भात पिवळं पडायचं, लोंब्या पोकळ निघायच्या. आमच्या तपासणीत मातीत शिसं आणि क्रोमियम सापडलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या डोक्यात एक योजना होती: तिथे मोहरी लावायची. मोहरी मातीतला धातू आपल्या ताटांत, म्हणजे देठा-पानांत, ओढून घेते. ताटं कापून न्यायची, पुन्हा लावायची, असं करत जमीन साफ करायची. त्या काळात ही कल्पना नवी होती, आणि जणू आम्हीच ती शोधून काढली असावी अशा थाटात आम्ही तिच्याबद्दल बोलायचो.

पण शेत कोण देणार? ते मी मिळवलं, हे आजही ठासून सांगते. चार घरांनी नाही म्हटल्यावर मी एका विधवा बाईंच्या ओटीवर जाऊन बसले. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. मी योजना समजावत होते आणि त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. शेवटी मी म्हटलं, "मावशी, माझ्या मामाकडेपण भातशेती आहे. लहानपणी दर वर्षी राब भाजायला मी जायचे." तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"राबाला जायचाव? मंग तुमी आपल्यातल्याच."

राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. पेरणीआधी तिच्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून ती भाजतात. तण मरतं, राख मातीला लागते. मावशींची खालची सगळी शेतं नासली होती, पण राबाची जागा उंचावर असल्यामुळे नाल्याचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. त्यांच्या मालकीची तेवढीच माती शाबूत उरली होती. सगळ्या शेतांना लागणारी रोपं तिथूनच निघायची. त्यांनी खालचं एक शेत आम्हाला दिलं.

महिन्याभराने सरांनी पुण्याहून एक मुलगी आणली. ती पीएच.डी. करणार होती, म्हणजे मोहरी तिची, शेत तिचं, आणि मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं माझं. पहिल्याच दिवशी ती चपला काढून थेट आत गेली आणि चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली. भाकरी फाटली. मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी बाहेर ओटीवर, खास शेजारून आणलेल्या घडीच्या खुर्चीत, चहाचा कप घेऊन. मला 'मॅडम', तिला 'पोरी'. मला बशीत बिस्किटं, तिला वाफाळता भात आणि सुकट.

पुढे तर कहरच झाला. नाल्याचं पाणी वळवायला चर खणायला हवा होता. मी सांगितलं तेव्हा दोन माणसं आली आणि विडी ओढून गेली. तिने सांगितल्यावर घरटी एक माणूस आला. खाडीचा बांध फुटला की जसे येतात तसे, फावडी-घमेली घेऊन. मी तोंडाने "वा, छान" म्हणत होते आणि आतून माझा तिळपापड होत होता. ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी मागून खायची आणि मला ताई म्हणायची. त्यामुळे राग काढायलाही जागा नव्हती.

मोहरी छान आली. पिवळी फुलं बघायला लोक बांधावर येत. तिने घरोघर जाऊन बजावलं, पाला खायचा नाही, गुरांना घालायचा नाही, दाणे फोडणीला घ्यायचे नाहीत. लोकांनी अक्षर न् अक्षर पाळलं. माघ सरता सरता ताटं कापून बांधावर रचली. विद्यापीठाची जीप येऊन ती नेणार होती. जीप या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, असं करत आलीच नाही.

अशात ती परिषदेला गेली. आमच्या मोहरीवरचा निबंध ती वाचणार होती. त्यावर तिचं नाव, सरांचं नाव, आणि शेवटी आभारांत मी. त्या दिवशी मी एकटीच मातीचे नमुने घ्यायला गेले. बांधावर मोहरीची ताटं नव्हती. वर पाहिलं तर ती राबावर नीट पसरलेली, त्यांच्यावर शेणाचा थर, वर आंब्याची सुकी पानं.

मावशी म्हणाल्या, "पोरीनं सांगलंय, गुरांना नको घालू. मंग ठेवून काय करू? उद्या राबाला भाजतंय. जाललं की इख संपला."

विष जळतं, धातू जळत नाही. ताटांनी हंगामभर खालच्या शेतातून जे ओढून घेतलं होतं ते सगळं राखेतून त्या एकमेव चांगल्या मातीत जाणार होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला राब माहीत होता आणि शिसंही माहीत होतं. दोन्ही माहीत असलेली त्या बांधावर मी एकटी होते. आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिताना आजही लाज वाटते: तिने सगळं सांगितलं, एवढं सांगायचं तिला सुचलं नाही. बघू दे आता सगळ्यांना, पुण्याची हुशारी.

मी "बरं" म्हटलं, पिशव्या उचलल्या आणि रिक्षा पकडून पनवेलला आले.

परतल्यावर भाजलेला राब बघून तिने तिथली माती तपासायला घेतली. वैशाखात अहवाल आला: राबातही शिसं. तिने तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गावात गेली. राबाच्या कडेला लोक जमले. मी वाट बघत होते. आता तिचा तोरा उतरणार, मावशी तिला चुलीपुढून उठवणार.

ती म्हणाली, "चूक माझी आहे. भाजू नका हे मी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे राब भाजतात हे मला ठाऊकच नव्हतं, आणि मी विचारलंही नाही." एवढं बोलून ती रडायला लागली.

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुना कसा ठावं असंल, पोरी? तुजे गावान राब नाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "पन मॅडम, तुमी आलताव ना त्या दिशी. ढीग बघलाव. तुमाला ठावं व्हता."

सगळे माझ्याकडे बघत होते, तीसुद्धा.

"माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हटलं.

मावशींनी मान हलवली. राबाचा वरचा चार बोटं थर खरवडून काढायचा, पोत्यांत भरायचा, आणि त्या वर्षी मावशींना रोपं बाकीच्यांनी आपापल्या राबातून द्यायची, असं तिथल्या तिथे ठरलं. घरटी एक माणूस आला. ती पदर खोचून घमेलं वाहायला लागली. मीही वाकून एक फावडं उचललं.

मावशींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. शेजारी गेल्या, तीच घडीची खुर्ची आणली, आंब्याच्या सावलीत मांडली आणि पदराने पुसली.

"तुमी बसा, मॅडम," त्या म्हणाल्या.

दुपार कलेपर्यंत सगळं गाव माती खरवडत होतं. मी बसून होते.