तेलरंगाची भिंत

थापीमास्तरांचा पाय आठवडाभर एका जागी ठरत नव्हता. खिडकीपाशी जायचं, काचेवरचं पाणी पुसायचं, कपाटामागचा काळा डाग वाढला का ते बघायचं, की पुन्हा पलंगापाशी येऊन बायकोच्या छातीतली घरघर ऐकायची. उभी हयात भिंतींना गिलावा करण्यात गेली, म्हणून लोकांनी हातातल्या थापीचंच नाव त्यांना चिकटवलं होतं.

"घरात ओल आहे का?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या घरात? छपरातून टिपूस गळत नाही."

ते खरंही होतं. मग त्यांनी शेजाऱ्याच्या गटाराला दोष दिला, आत वाळत घातलेल्या कपड्यांना दिला, बिचाऱ्या चहाच्या किटलीलाही सोडलं नाही. पण किटली आणि कपडे वीस वर्षं होतेच. नवा होता तो फक्त रंग.

खोलीचा गिलावा मातीचा, भुसा घालून त्यांनी स्वतः केलेला. गिऱ्हाइकांना ते पढवायचे, "मातीची भिंत घरातली वाफ पिते, हवा कोरडी झाली की परत देते. तेलरंग फासलात तर तिचं तोंड बांधाल." आणि फासला कोणी? याच शहाण्याने. कपड्यांना माती लागते म्हणून बायको कुरकुरायची. काम सोडल्यावर तिला खूश करायला मास्तरांनी फिकट हिरव्या तेलरंगाचे दोन हात मारले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आज सकाळी त्यांनी भिंतीला तळवा लावला, तो ओला झाला. दोघांचे श्वास, किटलीची वाफ, कपड्यांचं पाणी, सगळं त्या रंगावर अडून बसलं होतं. मास्तरांनी खरवडणी काढली.

"रंग दिल्यावर पहिल्याच आठवड्यात मला शंका आली होती," बायको पडल्या पडल्या म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"वीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं होतंत. अंथरूण धरेपर्यंत तुम्ही उठायच्या आधी मीच काचा पुसत होते."

मास्तरांना फार लाज वाटली. धूळ उडायच्या आत तिला बहिणीकडे धाडायचं ठरलं.

"किती दिवस?" पिशवी भरता भरता तिने विचारलं.

गिऱ्हाइकांसाठी त्यांचं उत्तर ठरलेलं असे: आठ दिवस. ते आठ दिवस महिन्याच्या आत कधी संपले नव्हते, हे बायकोइतकं कुणाला ठाऊक?

"दीड महिना," मास्तर म्हणाले. "रंग खरवडायचा, नवी माती चढवायची, ती आतपर्यंत वाळू द्यायची. ओल्या भिंतीपाशी तुला निजवणार नाही."

बायकोचा हात पिशवीतच थांबला.

"इतके घाबरलात?"

"हो," मास्तर म्हणाले.