तपासणीच्या दिवशी शहाण्यासारखा बसलो

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एका सरळ रेषेवर बोट ठेवलं. "सर, इथे तुमचं हृदय चार सेकंदांहून जास्त थांबलं होतं. याला सिक सायनस सिंड्रोम म्हणतात. त्या वेळी तुम्ही काय करत होतात?"

ठोक्यांचा हुकूम सोडणारी एक जागा हृदयात असते. ती थकली की मधूनच हुकूम सोडायचा राहतो. आजार एवढाच, आणि तो मला चटकन समजला. मला घाम फुटला तो त्यांच्या प्रश्नाने. पण आधीचं सांगायला हवं, कारण माझ्यासारखे अतिशहाणे आणखीही असतील.

मी हैदराबादच्या एका विद्यापीठात डीन होतो. निवृत्तीनंतर माझ्याकडे एकच पद उरलं होतं, नातीला, तन्वीला, तारनाक्याच्या घरून स्कूटरवर शाळेत सोडण्याचं. सून तेलुगू, शाळा इंग्रजी, मुलगा कायम मीटिंगमध्ये. तन्वीचं मराठी काय ते स्कूटरवर. माझ्या पोटाला मिठी मारून ती मागून अखंड बडबडायची.

एका सकाळी व्हरांड्यात उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातला कप खाली पडून फुटला. इसीजी ठीक निघाला. तरी डॉक्टरांनी होल्टर लावायला सांगितलं आणि वर म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत स्कूटर बंद." झालं! तन्वीला मुलगा कारने सोडू लागला आणि मी गेटपाशी येरझारा घालू लागलो. वाचनात लक्ष लागेना, बायकोवर उगाच खेकसायचो.

होल्टर म्हणजे छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला एक डबी. चोवीस तास ती हृदयाची नोंद ठेवते. लावणारा मुलगा म्हणाला, "चचा, रोज जो करते वोइच करना. बस, नहाना नक्को."

मी ऐकलं आणि नेमकं उलटं केलं. आमच्याकडे तपासणी समिती यायची तेव्हा आम्ही भिंती रंगवायचो, कुंड्या भाड्याने आणायचो, वर्गात मुलं गोळा करून बसवायचो. समिती खूश होऊन जायची आणि संध्याकाळी कुंड्या परत. सारी नोकरी तशी गेलेली. होल्टरचा दिवसही मी तसाच साजरा केला. जिना चढलो नाही. चहा बंद, दहीभात खाल्ला. सुलतान बाजारात जुनी पुस्तकं बघायला जाणार होतो, तेही रद्द. आरामखुर्चीत डोळे मिटून बसलो. मला स्कूटर परत हवी होती, बाकी काही नको होतं.

रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "छान आहे. स्कूटरला हरकत नाही." तेवढ्यात सुट्टी म्हणून बरोबर आलेली तन्वी त्यांना म्हणाली, "अंकल, आजोबा उस दिन कुछ भी नहीं किए. पूरा दिन कुर्सी में बैठे."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, परत लावू या. या वेळी जरा रोजच्यासारखे वागा."

ऑटोत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. घरी बायकोला म्हणालो, "तुझ्या नातीने चहाडी केली." ती म्हणाली, "तुमचं वय काय, तिचं काय!" तन्वी माझ्याभोवती घुटमळत होती आणि मी फुगून बसलो होतो. याची आज लाज वाटते.

दुसऱ्यांदा होल्टर लावून रोजच्यासारखा वागलो. गच्चीवर गेलो, चहा प्यालो, भाजीवाल्याशी हुज्जत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वीचं दप्तर कारपर्यंत नेऊन दिलं. तिथे क्षणभर भोवळल्यासारखं झालं, गेट धरून उभा राहिलो आणि विसरून गेलो.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली ती सरळ रेषा त्या क्षणाची होती. ती वेळ शाळेची होती. एरवी त्या वेळी आम्ही स्कूटरवर भर रस्त्यात असतो आणि माझ्या पाठीला तन्वीचा गाल टेकलेला असतो.

"दप्तर उचललं होतं," एवढंच मी डॉक्टरांना सांगू शकलो.

लगेच पेसमेकर बसवला. कॉलरबोनखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा लहान यंत्र. हृदय विसरलं की ते आठवण करून देतं. भीती वाटते त्यामानाने त्रास थोडा. काही आठवडे डावा हात वर करायचा नाही, इतकंच. होल्टर लावाल तेव्हा मात्र कृपा करून गुणी बाळ होऊ नका. जसे आहात तसे वागा, भांडा सुद्धा.

वॉर्डात तन्वी भेटायला आली, दारातच थांबली. "आजोबा, अजून गुस्सा आहात?"

मी उजवा हात पुढे केला. ती आली, मी तिला जवळ घेतलं आणि मुलासुनेसमोर, नर्ससमोर रडलो. डीन असताना कुणी मला तसं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुढे स्कूटरला परवानगी दिली. मी ती विकून टाकली. आता शाळेपर्यंत आम्ही चालत जातो. वेळ जास्त लागतो, त्यामुळे मराठीही जास्त होतं. मधेच थांबून ती माझ्या तोंडाकडे बघते आणि विचारते, "चक्कर?"

मी तिला खरं काय ते सांगतो.