साडेतीन किलोची रायफल

रायफल निवडायला मला तीन महिने लागले. नवरा निवडायला चाळीस मिनिटं मिळाली होती, आणि त्यातली निम्मी पोह्यांच्या बश्या फिरवण्यात गेली होती.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही एडिनबरापासून गाडीने तासाभरावर, दक्षिणेकडच्या टेकड्यांत राहत होतो. नवरा शहरात एका बँकेच्या आयटीत होता. एवढ्या लांब घर घेण्याची हौस त्याची, कारण खिडकीतून दिसणाऱ्या मेंढ्यांचे फोटो पुण्याला पाठवता यायचे. त्या खिडकीसमोर दिवसभर बसायची पाळी मात्र माझी. घर त्याच्या नावावर, गॅसचं बिल त्याच्या नावावर, आणि माझ्या पासपोर्टवरच्या शिक्क्यात मी कोण, तर डिपेंडंट. एम.एस्सी. झालेल्या बाईला हा शब्द रोज पचवावा लागतो. शेवटी मी गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम धरलं.

आमच्या घरामागची टेकडी ज्याची होती, तो मेंढपाळ म्हातारा आपल्या कुत्र्याला घेऊन तिथे यायचा. सत्तरी ओलांडलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध धूसर डाग धरला होता, त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा पाहायला तो मान जरा तिरकी करायचा. नजर गेली हे कळल्यावर त्याने स्वतःच आपली रायफल पोलिसांत नेऊन दिली होती. कोणी सांगायला आलं नव्हतं. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये कोल्ह्याने त्याची कोकरं उचलायला सुरुवात केली. जन्मून एक दिवस झालेलं, अजून पाय थरथरणारं कोकरू, आणि त्याचं तोंडच कुरतडलेलं, असं एक तो पोत्यात घालून दवाखान्यात घेऊन आला होता. ते जिवंत होतं. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन देऊन शांत केलं.

मी बोलता बोलता त्याला सांगितलं, की कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा रायफल चालवायचे, मेडलही मिळालं होतं. ही माहिती ऐकून आजवर भेटलेला प्रत्येक माणूस हसला होता. हा हसला नाही.

"किती अंतरावरून?" त्याने विचारलं.

"पन्नास मीटर. पालथं पडून."

"कोल्हा तुला पालथं पडायला वेळ देणार नाही, पोरी," तो म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन निघून गेला.

नोव्हेंबरात तो परत आला, तोही कुत्र्याशिवाय. पुढच्या एप्रिलच्या आत तू परवाना काढ, जमीन माझी वापर, लेखी परवानगी देतो, असं सरळ म्हणाला. शहरातून येणारे हौशी शिकारी त्याला नको होते. पहाटे उठून दहा मिनिटांत टेकडीवर पोचेल असं माणूस हवं होतं. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. त्या देशात पहिल्यांदाच माझ्याकडून कोणाला तरी चहा आणि सही यापलीकडचं काही हवं होतं.

नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "आर यू सीरियस? बरं, बघ बाबा. टाइमपास होईल तुझा." मी त्याला होकार समजले.

तिथला परवाना म्हणजे नुसतं बंदुकीचं लायसन्स नव्हे. कुठल्या मापाची गोळी, कशासाठी, कुठल्या जमिनीवर, हे सगळं अर्जात आधीच लिहावं लागतं. दोन भल्या माणसांची शिफारस लागते, घरात भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट लागतं, आणि मग पोलिसांचा माणूस घरी येऊन तुम्हाला पारखून जातो. तो कागद हातात आला, की सरकार लेखी म्हणतं, या बाईवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मला रायफलीपेक्षा तो कागद हवा होता, हे मी आज कबूल करते. त्यावर फक्त माझं नाव असणार होतं.

म्हाताऱ्याच्या मते अर्जाच्या आधी रायफल ठरायला हवी होती. एका शनिवारी तो मला जवळच्या गावातल्या बंदुकीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने काउंटरवर हिरवं कापड पसरून तीन रायफली मांडल्या. तिन्ही एकाच मापाच्या गोळीच्या, कोल्ह्याला पुरेशा. पहिली सडपातळ, अडीच किलोच्या आसपास. उचलली आणि जीवच जडला. तिसरी जाड नळीची, पाच किलोला टेकलेली. दुकानदार म्हणाला, ही एकदा टेकवून बसलात की हलायचं नाव घेत नाही, कितीही गोळ्या झाडा, नळी तापत नाही. माझा एनसीसीतला सगळा अभिमान त्या तिसरीकडे धावला. नेमबाजाची रायफल अशीच असते, मी म्हणाले.

म्हाताऱ्याने मधली उचलली. साडेतीन किलो, नळी ना जाड ना बारीक, दस्ता साध्या अक्रोडाचा. नवरीच्या मधल्या बहिणीकडे पाहुणे पाहतात तसं मी तिच्याकडे पाहिलं होतं.

"आज काही घ्यायचं नाही," तो म्हणाला. "आधी ओझं वाहून बघायचं."

त्यानंतरचे आठ रविवार मी जन्मात विसरणार नाही. त्याच्या गोठ्यात कोकरं तोलायचा स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. त्यावर तो कुंपणाचा लाकडी खांब अडकवायचा आणि त्याला खाद्याच्या पिशव्या बांधून दुकानातल्या एकेका रायफलीचं वजन जुळवायचा. दुर्बीण आणि आवाज कमी करणारी नळी यांचं वजन धरून प्रत्येकीला वर एक किलो. मग तो खांब खांद्याला लावून मी टेकडी चढायची, वरच्या दगडी कुंपणापाशी पोचले की खांब कुंपणावर टेकवून खालच्या झाडाकडे रोखायचा आणि तीस आकडे मोजायचे. तो मागून सावकाश यायचा आणि माझ्या श्वासाचा आवाज ऐकायचा. दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं.

जड खांब घेऊन वर पोचले तेव्हा माझे हात असे लटपटत होते, की झाड तर सोडाच, टेकडीसुद्धा चुकली असती. हलका खांब घेऊन अगदी मजेत चढले, पण वर वारा होता आणि तो खांब प्रत्येक झुळकीला हलत होता. "हलकीला उचलणं सोपं, थोपवणं अवघड," तो म्हणाला. मधल्या खांबाला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी मी वर पोचले, खांब टेकवला, तीस मोजले, आणि तो मागून म्हणाला, "आता तुझा श्वास मला ऐकू येत नाही." त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघणं शक्य नव्हतं. मी घरी येताना रडले, आणि आनंदाने रडले.

दुकानदाराने ती मधली रायफल माझ्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवली. पोलादी कपाट मी स्वतः ड्रिल मारून विटांच्या भिंतीत बसवलं. किल्ली कुठे असते हे घरात दुसऱ्या कोणालाही माहीत नसावं असा नियम, तोही पाळला. अर्ज जानेवारीत गेला.

फेब्रुवारीत एका दुपारी पोलिसांचा अधिकारी आला. सभ्य, मितभाषी, मांडीवर फाईल. नवऱ्याने मुद्दाम सुट्टी घेतली होती. मी चहा केला, चकल्या ठेवल्या. अधिकाऱ्याने कपाट हलवून पाहिलं, किल्लीबद्दल विचारलं, मागच्या टेकडीचा नकाशा पाहिला, गोळी झाडताना मागे काय असायला हवं ते विचारलं. मातीचा उतार, आकाश कधीच नाही, मी म्हणाले. त्याने मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

मग त्याने नवऱ्याकडे वळून विचारलं, घरात रायफल येणार, तुम्हाला काही काळजी वाटते का?

इथे मला जरा थांबून आमच्या पुरुषांबद्दल सांगायला हवं. एडिनबराच्या आमच्या मराठी मंडळात कुठलाही कार्यक्रम असो, माइक हातात आला की प्रत्येक नवरा बायकोला घाबरतो. बायको म्हणजे गृहमंत्री, बायको म्हणजे लाटणं, आम्ही काय बुवा, आम्ही आपले गरीब. घरी ज्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, तेच तिथे सगळ्यात केविलवाणे चेहरे करतात. आणि आम्ही बायका समोर बसून हसतो. मीही दहा वर्षं हसत आले होते. कारण न हसणाऱ्या बाईला विनोदबुद्धी नसते.

माझा नवरा यजमानाच्या थाटात सोफ्यावर रेलला आणि इंग्रजीत म्हणाला, "काळजी? अहो, आता मला घरात फार जपून राहावं लागणार. हिचा राग तुम्हाला माहीत नाही. गेल्याच महिन्यात कढई आली होती माझ्या दिशेने."

अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला लागली का?"

"नेम चुकला," नवरा म्हणाला. "पण रायफलीने तिचा नेम चुकत नाही म्हणे." आणि तो मोठ्याने हसला.

अधिकारी हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

कढई आली नव्हती. मी ती ओट्यावर आपटली होती, कारण त्याने माझ्या आईला परस्पर फोन करून तिचं इकडे येणं पुढे ढकलायला लावलं होतं. पण ते सांगायचं मला सुचलंच नाही. सवयीने मीही हसले होते. हे लिहितानासुद्धा मला स्वतःचा राग येतो.

मार्चमध्ये पत्र आलं. अर्ज नामंजूर. घरातली परिस्थिती आणि अर्जदाराचा स्वभाव पाहता, वगैरे. मी अधिकाऱ्याला फोन केला. मी म्हणाले, तो विनोद होता, आमच्याकडे पुरुष असंच बोलतात, माझा नवरा तुम्हाला तसं लिहून देईल.

तो म्हणाला, एका वाक्यावरून आम्ही निर्णय घेत नाही. तुमच्या यजमानांना आम्ही ऑफिसात फोन करून पुन्हा विचारलं होतं. रायफल घरात नसली तर आपल्याला बरं वाटेल, असं ते म्हणाले.

संध्याकाळी नवरा बूट काढत असताना मी विचारलं, "त्यांचा फोन आला होता तुला?"

"हो. अगं, मी काय खोटं बोलू का पोलिसांशी?"

"कढई फेकली हे खरं होतं?"

"तो जोक होता गं. ऑनेस्टली, मला नको होती ती गोष्ट घरात. लोक काय म्हणतील?"

"मग मला का नाही सांगितलंस? नोव्हेंबरात, जेवताना?"

"तू चिडली असतीस," तो म्हणाला.

मी चिडले असते तर त्याचंच खरं ठरलं असतं. दहा वर्षं ज्या रागाचं त्याने माइकवर भांडवल केलं, तो राग करायलाही मला आता जागा उरली नव्हती.

राहिला म्हातारा. एप्रिल तोंडावर आला होता, पहिल्या मेंढ्या विणार होत्या. मी त्याच्या गोठ्यात गेले. तिथे पोचेपर्यंत ठरवलं होतं, की जे घडलं ते सांगायचं. पण सांगायचं म्हणजे काय, तर माझा नवरा पोलिसांना म्हणाला की मी त्याच्यावर कढई फेकते. लहानशा गावात अशी गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांच्या ओट्यावर असते. आणि घरातलं बाहेर बोलायचं नाही, नवऱ्याला परक्यासमोर कमीपणा आणायचा नाही, हे आईने शिकवलेलं माझ्या हाडात इतकं मुरलेलं होतं, की तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर आलं.

"मी विचार बदलला," मी म्हणाले. "मला नाही जमणार. रायफल नको."

त्याने मान तिरकी करून माझा चेहरा शोधला. कितपत दिसला, कोण जाणे.

"विचार बदलायला हरकत नाही," तो म्हणाला. "पण जानेवारीत सांगायचं. मी दुसरं कोणी पाहिलं असतं."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि मेंढ्यांना गवत टाकायला वळला. मी थोडा वेळ तिथेच उभी होते. त्या एप्रिलमध्ये त्याची अकरा कोकरं कोल्ह्याने नेली. हा आकडा मला दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळला, कारण तो स्वतः कुत्र्याला घेऊन आता माझी सुट्टी असेल त्याच दिवशी यायचा.