काईवाले चाचा

“थांबा, आयकू द्या,” म्हणत चाचा डोळे मिटत आणि मग इंजिनाचं दुखणं सांगत. असा मिस्त्री तुमच्याही गावात असेल. आमचे चाचा मात्र शेवाळाच्या टाकीलाही कान लावायचे.

पुसदला आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. मी शिकवता शिकवता शेवाळापासून इंधन करायच्या खटाटोपात होते. जास्त तेल साठावं म्हणून या शेवाळाच्या जनुकांत बदल केलेला होता, त्यामुळे त्याचा जिवंत थेंबही प्रयोगशाळेबाहेर जाऊ द्यायचा नव्हता. टाकीत हवा सोडणारा पंप रुसला की चाचा येत. जाताना कोपरापर्यंत हात धूत, चपला उलट्या करून बघत आणि विचारत, “सोबत कोणी आलं तं नाई ना?”

शेवाळाला ते काई म्हणत, आणि आमच्याकडे ‘काही’चंही काईच होतं. एकदा मी वर्गावरून परतले, तर ऑफिसचे बडेबाबू टाकीपाशी उभे राहून पंप दुरुस्त करणाऱ्या चाचांना विचारत होते.

“टाकीत काय आहे?”

“काई आहे.”

“काई तं आहेच, पण काय?”

“तेच तं सांगून राह्यलो. काई.”

बडेबाबू लालबुंद झाले होते आणि चाचा शांतपणे नट पिळत होते.

वर्षभरात बाटलीभर इंधन जमलं. ते चालवून बघायला चाचांनी स्वतःचं इंजिन दिलं. शेतकऱ्यांना भाड्याने द्यायचं त्यांचं तेवढं एकच इंजिन होतं. त्याला आमचं इंधन बाधलं असतं, तर चाचांचा हंगामच बुडाला असता. माझा धीर सुटला.

“चाचा, अर्धं डिझेल मिसळू या.”

“कायले? मेहनत अर्धीच केली का तुम्ही?”

त्यांनी हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. बाटली संपेपर्यंत एका लयीत चाललं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. इंजिन न्यायला आलेला शेतकरी डिझेलचा डबा घेऊन दुकानाबाहेर ताटकळला होता. चाचांनी त्याला परत पाठवलं.

“उद्या ये बाबू. आज त्यानं चांगलं चाखलं. लगेच डिझेल पाजून तोंडाची चव कायले बिघडवू?”

चाचांना जाऊन वर्ष झालं. मला त्यांची फार आठवण येते. शेवाळ आता पूर्वीपेक्षा जास्त तेल देतं. बाटली भरली की मी ती घेऊन फाटकापर्यंत जाते, समोरचं बंद शटर बघते आणि परत येते.