समुद्र असलेलं पुस्तक

संस्थान विलीन झालं आणि जव्हारच्या कचेरीत बाहेरगावचे कारकून आले. त्यांतल्या एकाची बायको आमच्या वाचनालयात यायची. वर्गणी नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे तिचं नाव मला कळलंच नाही. पुस्तक चाळत विचारायची, "भाऊ, यात समुद्र आहे का?" परत देताना म्हणायची, "गोष्ट बरी आहे, पण समुद्र दोनच पानं."

एकदा मी तिला मुखपृष्ठावर गलबत असलेली नवीकोरी कादंबरी दिली. नव्या पुस्तकाची जोडलेली पानं तेव्हा वाचणाऱ्यानंच कापायची. तिनं परत आणली तेव्हा शेवटची पानं तशीच जोडलेली होती.

"शेवट नाही वाचलात?"

"नायिकेची बोट माहेरच्या बंदराला लागणार असं दिसलं," ती पदर सावरत म्हणाली. "मग पुढं वाचवेना."

पुढं नवऱ्याची बदली झाली ती मोखाड्याला, आणखी आत डोंगरात.

ती पानं मी अजून कापलेली नाहीत.