देवाला चष्मा नसतो

गेल्या वर्षी माझे आजोबा देव झाले. तसे ते जाऊन कितीतरी वर्षं लोटली, पण आपल्याकडे देवपण पेन्शनसारखं उशिराच मिळतं. रत्नागिरीतल्या आमच्या एका वाचनालयाच्या समितीने ठराव केला, की बेचाळीसच्या लढ्यात पकडल्या गेलेल्या आणि तुरुंगातच वारलेल्या या क्रांतिकारकाचं मोठं तैलचित्र सभागृहात लावावं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, शिवाय त्यांची नात. तेव्हा अनावरणाच्या दिवशी चित्राचं रसग्रहण मी करायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं. मला विचारलं नाही. घरच्या माणसाला विचारायचं कशाला?

अडचण एवढीच, की आजोबांचा फोटो नाही. लग्नातला एक होता, तो पोलिसांच्या धास्तीने माझ्या पणजोबांनी चुलीत घातला. आजोबांना डोळ्यांनी पाहिलेलं आता एकच माणूस उरलंय, माझी आत्या. ती माझ्याकडेच असते. नव्वदीला टेकली आहे, गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत. समितीने चित्रकाराला तिच्याकडे धाडलं.

चित्रकार मोठा कसबी. मिरकरवाड्याच्या अलीकडे त्याची गणपतीची शाळा आहे. आमच्या आळीतले निम्मे गणपती त्याच्याकडूनच येतात. मूर्तीचे डोळे आखावेत तर त्याने. त्याने आत्यासमोर मांडी घातली आणि विचारलं, "आजी, कसे दिसायचे ते?"

"काळे. किडकिडीत. कान हे असे बाहेर आलेले. राजापुराकडच्या शाळेत मास्तर होते, मास्तर दिसतो तसे दिसायचे. आणि चष्मा. जाड भिंगांचा. एक काडी मोडलेली, तिथे सुतळी बांधलेली. चष्मा नसला तर समोर माणूस आहे की म्हैस, कळायचं नाही त्यांना."

"बरं. चष्मा."

"विसरशील मेल्या, लिहून घे."

त्याने लिहून घेतलं, चहा घेतला, जाताना पायाही पडला. त्या दिवसापासून आत्याला दुसरा विषय नाही. "माझ्यामागे कोण सांगणार गो, ते कसे दिसायचे?" हे रोज एकदा तरी यायचंच. खरंच होतं ते. ती गेली की आजोबांचा चेहरा जगात कुठेच उरणार नव्हता.

चित्र तयार झाल्यावर अध्यक्षांनी मला अभ्यासासाठी म्हणून आधी बोलावलं. मी गेले, बघितलं आणि बसायला खुर्ची मागितली.

काय नव्हतं त्यात! मधोमध आजोबा कमळावर उभे. कमळ तुरुंगाच्या गजांतून उगवलेलं. डोक्यामागे चांदीची प्रभावळ, देवळातून उचलून आणल्यासारखी. रंग असा लख्ख, की आमच्या घराण्यात इतकं गोरं अजून कोणी जन्माला आलेलं नाही. हात चार. दोन बेड्यांत, कारण क्रांतिकारक. दोन मोकळे, कारण देव. मोकळ्यांपैकी एका हाताच्या बोटावर बेचाळीसला तारायंत्राच्या तारा तोडायची ती पक्कड, सुदर्शन चक्राच्या थाटात, आणि दुसरा हात आशीर्वादाला. पायाखाली गोरा साहेब, त्याला शिंगं. मागे वसुदेव डोक्यावर टोपली घेऊन पुरातून निघालेला आणि टोपलीत बाळाऐवजी भारताचा नकाशा. म्हणजे आजोबा विष्णू, महिषासुरमर्दिनी आणि कृष्णजन्म हे सगळं एकदमच! पायथ्याशी माझी आजी हात जोडून बसलेली, नाकात नथ, अंगभर सोनं. नवरा गेल्यावर जिने लोकांच्या काजूबिया फोडून दोन पोरं वाढवली, तिला निदान चित्रात तरी नथ मिळाली. हेही नसे थोडके.

आणि डोळे. लांबट, पाणीदार, अर्धे मिटलेले, सगळ्यांच्या डोक्यावरून आढ्याकडे लागलेले. भाद्रपदातले, अगदी ओळखीचे डोळे. चष्म्याचा पत्ता नाही.

"चष्मा कुठे आहे?" मी विचारलं.

चित्रकार खाली बघायला लागला. अध्यक्ष पुढे झाले. "बाई, देवाला कुठे चष्मा असतो?" असं म्हणत त्यांनी स्वतःचा चष्मा काढून रुमालाने पुसला.

"अहो, ते देव नव्हते. मास्तर होते."

"लोकांच्या भावना असतात बाई. चष्मा घातला की अगदी माणूस वाटतात हो."

घ्या! याला म्हणतात कलेची जाण. मी चित्रकाराला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, दोन गोल आणि वर एक रेघ, एवढंच तर काम. घाल ना बाबा." तो बिचारा हळूच म्हणाला, "घातला होता बाई. सुतळीसकट. समितीने पुसायला लावला." कप्पाळ माझं!

घरी आले तर आत्या दारातच बसलेली. "चष्मा नीट घातलाय ना? सुतळी दाखवलीय?"

"अजून काम चाललंय," मी म्हटलं.

"म्हणजे नाही घातलेला." तिला थाप मारणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

मी दमले होते, चिडलेही होते. म्हटलं, "एवढं काय धरून बसलीस त्या चष्म्याचं? चार हात दिलेत त्यांना, डोक्यामागे चांदी दिलीय, आणि तू सुतळीला रडतेस!"

ती एकदम सांगायला लागली. आजोबा तेव्हा भूमिगत होते. एका रात्री पोरांना बघायला म्हणून लपतछपत घरी आले आणि पहाटेच पोलीस दारात. अंथरुणातून उठवून तसेच ओढत नेलं. चष्मा राहिला कोनाड्यात.

"मी तो घेऊन पडवीत धावले," आत्या म्हणाली. "तोवर त्यांना अंगणात नेलेलं. त्यांनी वळून बघितलं, पण माझ्याकडे नाही. कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर माझा लाल परकर वाळत घातलेला होता. त्यांना वाटलं, मीच उभी आहे. त्याच्याकडे बघून हसले. 'येतो हं, बाळ,' म्हणाले. परकराला! आणि मी इथे, हातात चष्मा घेऊन. ते गेले ते गेलेच."

हे तिने एवढ्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांनाही नाही. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मागोमाग राग येतो, हा माझा जुना रोग.

तो राग घेऊनच मी दुसऱ्या दिवशी अनावरणाला सभागृहात गेले. आत्याही आली, हट्टाने. दाराबाहेर चपलांचा हा ढीग. चित्राखाली उदबत्त्या पेटलेल्या, कोणीतरी नारळही वाढवलेला. मी माईकसमोर उभी राहिले.

"या चित्राचं पहिलं वैशिष्ट्य असं," मी म्हटलं, "की आजोबा चुकूनही ओळखू येणार नाहीत, याची यात पुरेपूर काळजी घेतलेली आहे."

टाळ्या.

"माणूस मोठा होता असं म्हटलं, की आपल्यालाही थोडंफार तसं वागावं लागतं. त्याचा देव केला, की नारळावर भागतं."

आणखी टाळ्या. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून "वा!" म्हटलं.

"आणि त्यांना चार हात दिल्यामुळे आपले दोन्ही हात रिकामे राहिले आहेत. टाळ्या वाजवायला."

मग तर काय विचारता, छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण हा घडा वर वाहवाही करत होता. मी मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले.

"आता क्रांतिवीरांच्या कन्येच्या हस्ते पुष्पहार," अध्यक्षांनी पुकारलं. दोघांनी धरून आत्याला चित्रासमोर नेलं. तिने हाराकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर करून चित्राकडे बघत राहिली. मग एक पाऊल डावीकडे सरकली. मग उजवीकडे. ते आढ्याकडे लागलेले डोळे कुठून तरी आपल्यावर पडतात का, ते शोधत होती.

"बाबा," तिने हाक मारली. "इकडे बघा. मी इकडे आहे."

सभागृह गहिवरलं. अध्यक्षांनी झटकन माईक धरला. "आजींना साक्षात दर्शन झालं!" मागून कोणीतरी शंख फुंकला. लोक हात जोडून उभे राहिले.

माझं डोकंच फिरलं. मी धावत जाऊन माईक ओढून घेतला. "दर्शन कसलं डोंबलाचं! ती त्यांना दिसत नाहीये! चष्मा पुसलात तुम्ही त्यांचा!"

शंख मध्येच थांबला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. आत्याने माझा दंड धरला.

"ओरडू नको गो," ती म्हणाली. "कान चांगले होते बाबांचे. तेव्हा मी नुसती हाक मारली असती, तरी माझ्याकडे वळले असते."