वावरातलं वॉटर पार्क

आमच्या वॉटर पार्कात पाण्यापेक्षा किस्सेच जास्त साचतात! अधूनमधून उपसले नाहीत, तर मीच बुडायची. मंगरूळपीरच्या रस्त्याला गजाभाऊंनी सोयाबीनच्या वावरात पार्क काढलं, तेव्हापासून मी तिकीट खिडकीवर आहे. आता तर जिकडे बघावं तिकडे पार्कं न् गेम झोन. बाप्पा, काय मजेची घाई झाली आहे लोकांना!

आत येत नव्हता तो एकच माणूस, गजाभाऊंचे वडील नामदेवबाबा. "वावरात पाणी सोडलं, पण पेरलं काय?" एवढं विचारून ते समोरच्या वावरात जाऊन बसले, ते बसलेच. गजाभाऊंचा सगळा जीव तिथंच अडकलेला. कितीही गर्दी असो, खिडकीत येऊन विचारणार, "ताई, बाबा आले का हो?"

*

पहिल्याच आठवड्यात रिठदचे एक आजोबा धोतर नेसून पाण्यात उतरायला निघाले. मी म्हटलं, "आजोबा, कॉश्च्यूम कंपल्सरी आहे."

आजोबा भडकलेच. "बाई, मी नाटक कराले नाई आलो, आंघोळ कराले आलो!"

*

'लेझी रिव्हर'मध्ये ट्यूबवर बसून नुसतं गोल वाहत राहायचं असतं. मानोऱ्याच्या एका काकूंनी तीन फेऱ्या मारल्या आणि गार्डवर ओरडल्या, "अरे, हेच नारळाचं झाड तिसऱ्यांदा येऊन राह्यलं! रस्ता चुकली तुही नदी!"

*

मग दसऱ्याच्या सुमारास गजाभाऊंनी रेन डान्सला ढगांचा आवाज बसवला. म्हणे, "इफेक्ट पायजे!" घरोघरचं सोयाबीन तेव्हा कापून, गंज्या रचून उघड्यावर पडलेलं.

स्पीकर गडगडला मात्र, कोणीतरी ओरडलं, "गंजी झाका रे!" झालं! नायलॉनच्या ओल्या चड्ड्यांवर माणसं मोटरसायकलींवर बसली न् सुटली. पाच मिनिटांत पार्क रिकामं! वर ऊन रणरणत होतं, पण वर बघतो कोण?

त्या पळापळीत एकच माणूस उलटा आत शिरला. खांद्यावर ताडपत्री घेतलेले नामदेवबाबा! "गजा, पाणी आलं! दुसरं टोक धर!" असं ओरडत ते थेट रेन डान्सच्या फवाऱ्याखाली आले आणि चिंब भिजले. मग त्यांनी वर पाहिलं. ढग कुठंच नव्हता.

गजाभाऊंचा चेहरा उतरला. "बाबा, हा पाऊस... बटनाचा हाये."

"दाखव."

बाबांनी बटन दाबलं, पाऊस थांबला. पुन्हा दाबलं, पडायला लागला. परत थांबवला, परत पाडला.

"लेका गजा," बाबा म्हणाले, "सत्तर वर्षं हे बटन धुंडून राह्यलो मी! आन् तू इथं लपवून बसला?"